आनेकलची शेवटची बस

माझ्या पहिल्या पुस्तकात खून कुणी केला हे मी ठरवलं नाही, ते आनेकलच्या बसनं ठरवलं. आजवर हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी आपल्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं असा आव आणायचा असतो. आता वय झालं, आव आणायचाही कंटाळा येतो.

लग्न होऊन मी बेळगावकडच्या एका खेड्यातून बेंगळूरला आले ती पन्नासच्या दशकात. हे एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायच्या कामाला होते. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि यांची आई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना मी मामी म्हणायची. मामींची नजर इतकी तीक्ष्ण की भिंतीवरची मुंगी त्यांना अंगणातून दिसावी. अक्षरओळख मात्र नव्हती. त्यांच्या लहानपणी मुलींना कोण शाळेत घालणार? पुढे मी शिकवते म्हटलं तर म्हणाल्या, "आता शिकून मी काय मामलेदार होनार हाय?"

वाचता येत नव्हतं, पण पुस्तकाचं वेड जबर. दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की मामी भिंतीला टेकून वाती वळायला बसायच्या आणि मी समोर बसून वाचायची. पोथ्या-पुराणं त्यांना घरात नको असत. "देवाचं देवळात ऐकते की. घरात खुनाचं वाच," म्हणायच्या. मग मी खुनाचं वाचायची. पुस्तकं यायची मराठी मंडळातून. मंडळ म्हणजे काय, तर एका वकिलांच्या घराची पुढची खोली, तिच्यात एक सतरंजी आणि एक कपाट. कपाटाच्या वरच्या खणांत गंभीर पुस्तकं कोरीच्या कोरी उभी, आणि खालच्या खणात रहस्यकथा, हाताळून हाताळून पार खिळखिळ्या झालेल्या.

चौथं प्रकरण आलं की मामी हातातली वात थांबवायच्या. "त्यो डॉक्टर," म्हणायच्या. बस्स. कारण सांगायच्या नाहीत. आणि शेवटी डॉक्टरच निघायचा. एकदा-दोनदा नव्हे, दरवेळी त्या म्हणतील तोच. मला त्याचा रागच यायचा. मी सातवीपर्यंत वर्गात पहिली आलेली बाई, आणि मला शेवटच्या पानापर्यंत पत्ता लागत नसे.

एके दिवशी पान उलटलं तर पुढे पुठ्ठाच. शेवटचा फॉर्मा गायब. फॉर्मा म्हणजे छापखान्यात एका दमात छापलेली आठ पानं. झुरळं पुस्तकाच्या पाठीची खळ खातात आणि शेवटची पानं आधी सुटतात, हे रहस्यकथांचं नेहमीचं. नेमका खुनी त्या आठ पानांत. मी वर पाहिलं. मामी वात धरून थांबलेल्या. पुस्तक फाटलंय हे सांगणं माझ्या जिवावर आलं. मी पुठ्ठ्याकडे बघत वाचत राहिले, म्हणजे वाचल्यासारखं करत राहिले. मामींनी चौथ्या प्रकरणात दिराचं नाव घेतलं होतं. मी दिरालाच पकडून दिलं. मामी खूश झाल्या. मीही, खरं सांगायचं तर.

पुढच्या फाटक्या पुस्तकात मला खोडी सुचली. मामी म्हणाल्या होत्या स्वयंपाकी, मी केला पुतण्या. मामींनी लगेच हात वर केला. "त्यो त्या राती सिनेमाला गेलता म्हनलीस न्हवं? मग?" "थांबा, पुढे येतंय," असं म्हणून मी पुतण्याच्या खिशात न फाडलेलं तिकीट घातलं. मामींनी ते तपासून बघितल्यासारखा चेहरा केला आणि मान हलवली. लिहिण्याची माझी शाळा ती हीच. कुठे धागा सुटला की मामी तिथेच बोट ठेवायच्या, आणि मला तो पुठ्ठ्याकडे बघत बघत गाठवावा लागायचा. हळूहळू मी मंडळात फाटकीच पुस्तकं मागू लागले. कपाट सांभाळणारे गृहस्थ बिचारे म्हणायचे, "वहिनी, याला शेवट नाही हो." मी म्हणायची, चालेल.

एक गोष्ट मात्र मनात टोचायची. मामींना खोटं खपत नसे. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं एकदा जत्रेला यायचं टाळण्यासाठी ताप आल्याचं खोटंच कळवलं, तर मामी तिच्याशी सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. सहा वर्षं! आणि मी तर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या तोंडावर एक अख्खा खोटा शेवट वाचत होते. हे कळलं तर काय होईल याचा विचार मी करायची, आणि पुढचं फाटकं पुस्तक आणायची.

साठ साल उलटल्यावर मामींना कमी ऐकू यायला लागलं. आधी त्या भिंतीला टेकून बसायच्या. मग मधल्या खांबापाशी आल्या. मग त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. उजवा कान गेलाच आहे, डावाही वर्ष-दीड वर्षात जाईल, इलाज नाही, असं डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं. मामींनी ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. परतताना बसथांब्यावर त्यांनी नेहमीसारखं "स्वल्प, स्वल्प", म्हणजे कन्नडात थोडं कमी करा, म्हणत घासाघीस करून घेवड्याच्या शेंगा घेतल्या, आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "चला. गोष्टी संपल्या म्हनायच्या." बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या आठवड्यात मी ठरवलं. मामींचा कान आहे तोवर त्यांना एक रहस्यकथा ऐकवायची, माझी, आणि अशी की चौथ्या प्रकरणात त्यांना खुनी ओळखता येऊ नये. माझी आहे हे मात्र त्यांना कळता कामा नये. सुनेनं लिहिलंय म्हटलं की त्या कौतुक करतील, आणि मला कौतुक नको होतं, मला त्यांना हरवायचं होतं. शिवाय वहीतली गोष्ट मामींच्या लेखी गोष्टच नव्हे. वहीत धोब्याचे कपडे लिहायचे. गोष्ट छापलेली पाहिजे. जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात माझी पानं घालून बघितली, तर हे हसायलाच लागले. "आईला शाई दारातून दिसेल," म्हणाले. ते खरंच होतं.

तेव्हा छापणं आलं. लिहायला मला चार महिने लागले. हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवलं. त्यांचं कार्ड आलं: भाषा ओघवती आहे, पण बेंगळूरमधला खून आपल्याकडे वाचणार कोण? कथानक पुण्यात आणता आल्यास कळवावे. माझं डोकं असं फिरलं की मी ते कार्ड चुलीत घातलं. हे नेहमीप्रमाणे शांत. पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "मग आपणच छापू." खर्च माझ्या माहेरच्या पाटल्यांनी उचलला. मामींना सांगितलं, हाताला सैल व्हायला लागल्या म्हणून काढून ठेवल्यात.

बेंगळूरच्याच शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे एक छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका, संस्कृत स्तोत्रं आणि हिंदी परीक्षांची पुस्तकं छापायचे, म्हणून देवनागरी खिळे होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. पण ते जेमतेम आठ पानांपुरते. त्यामुळे कामाची रीत अशी: आठ पानं जुळवायची, मी प्रुफं तपासायची, तीनशे प्रती छापायच्या, मग खिळे सोडवून परत पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचे आणि पुढची आठ पानं घ्यायची. एकदा फॉर्मा छापला की तो छापला. मागे जायची सोय नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझी गोष्ट लिहून तयार होती.

खिळे जुळवणारे जुळारी म्हातारे होते, बेंगळूरबाहेरच्या आनेकल गावचे. आठवडाभर छापखान्यातच मुक्काम आणि शनिवारी संध्याकाळी बसनं घरी. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अम्मा म्हणायचे. त्यांना अक्षरं सगळी येत होती, मराठी मात्र एक शब्द कळत नव्हता. तरी दोन फॉर्मे झाल्यावर त्यांना राहवेना. "इतकी अक्षरं लावतोय, आहे काय यात?" म्हणून विचारलं. मग दर गुरुवारी प्रुफं बघता बघता मी त्यांना गोष्ट कन्नडात सांगायला लागले. माझं कन्नड बेळगाव-धारवाडकडचं, ते ऐकून अण्णा मिशीत हसायचे, पण गोष्ट मन लावून ऐकायचे. मामींना वाटायचं मी पुस्तकं बदलायला मंडळात गेलेय.

गोष्ट अशी होती. बेंगळूरच्या बसवनगुडी भागात एक म्हातारे गृहस्थ, डोळे अधू झालेले, आतून कडी लावलेल्या खोलीत सकाळी मेलेले सापडतात. घरात मुलगा, सून, एक स्वयंपाकी आणि म्हाताऱ्यांचा धाकटा भाऊ. खुनी भाऊ. तो आदल्या संध्याकाळी सगळ्यांदेखत आनेकलच्या बसमध्ये बसतो, चारचौघं त्याला पोचवायला जातात, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. प्रत्यक्षात तो आनेकलहून शेवटच्या बसनं गुपचूप परत येतो. मामींनासुद्धा हे सुचणार नाही, अशी माझी खात्री होती.

दहाव्या फॉर्म्याचा मजकूर घेऊन मी गेले आणि अण्णांना ती युक्ती रंगवून सांगितली. अण्णांच्या हातातला खिळा तसाच राहिला. "कुठली बस, अम्मा?" म्हणाले.

"शेवटची. अंधार पडल्यावरची."

"तिकडून अंधार पडल्यावर बस नाही. संध्याकाळी जी जाते ती तिथेच मुक्कामाला राहते, सकाळी परत येते. तीस वर्षं जातोय मी."

आमच्याकडे बेळगावला उशिरा गाड्या सुटायच्या. मी न बघताच धरून चालले होते की सगळीकडे तसंच असणार. म्हटलं, मग सायकलीवरून येईल. अण्णा शांतपणे म्हणाले, "तो लंगडा आहे ना?" होता. तिसऱ्या फॉर्म्यात मीच हौसेनं त्याला लंगडा केला होता, जरा गूढ वाटावं म्हणून. म्हटलं, लॉरीतून. "मग लॉरीवाला सांगणार नाही पोलिसांना?" मी कोपऱ्याकडे बघितलं. नऊ फॉर्मे छापून थप्पी लावून ठेवलेले. आनेकल त्यातल्या दुसऱ्या फॉर्म्यात तीनशे वेळा छापून झालं होतं.

घरी येऊन यांना सांगितलं. नकाशात चूक झाली की दुरुस्तीची नोंद करायची ही यांची कारखान्यातली सवय. म्हणाले, "शुद्धिपत्र जोड. पान बारा, आनेकलऐवजी दुसरं गाव वाचावे." मला वाटलं सुटले. पुढच्या गुरुवारी अण्णांनी ऐकलं आणि हसता हसता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "अम्मा, वाचणारा पहिलं ते पान बघेल. गाव का बदललं म्हणेल. खुनी तिथेच सापडेल की." मग दारापर्यंत पोचवायला येऊन म्हणाले, "घाई नको. खिळे कुठे पळत नाहीत. घरात दुसरं कोण होतं ते बघा."

बहात्तर पानं पुढ्यात पसरून मी बसले. त्यातला एक शब्द बदलायची सोय नव्हती. जे छापलंय त्यातूनच खुनी शोधायचा, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझी गत मामींसारखी झाली होती. मुलगा परगावी गेलेला छापला होता. स्वयंपाकी त्याच्या बहिणीकडे. उरली सून. तिचा मी विचारच केला नव्हता. पान चौदावर ती सासऱ्यांना कॉफी देते. पान तेविसावर त्यांची पत्रं वाचून दाखवते. पान एकोणचाळीसवर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचते, त्यांना दिसत नाही म्हणून. खोलीला आतून कडी होती, ती त्यांनीच लावलेली असणार. तिला आत जायची गरजच नव्हती. तिनं फक्त चिठ्ठी चुकीची वाचायची होती.

आणि का? तेही समोरच होतं. वर्षानुवर्षं ती त्यांना पत्रं खोटी वाचत आली होती, नसलेला मजकूर घालून, आणि म्हाताऱ्याला ते कळलं होतं. हे सुचलं तेव्हा मी पानं पालथी घातली. ती सून मी माझ्यावरूनच काढली होती, हाताशी दुसरी सून नव्हती म्हणून. आता ही गोष्ट मी मामींसमोर बसून वाचायची होती. इतक्या वेळा पुठ्ठा वाचून दाखवलेल्या मामींसमोर! त्यांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं. सहा वर्षं अबोला बहिणीला मिळाला होता, मला किती मिळेल? आणि डावा कान तर वर्षभराचाच होता.

दोन दिवस मी कागदाला हात लावला नाही. शेवटी दुसरा खुनी नव्हताच, आणि वेळही नव्हता. मी उरलेले पाच फॉर्मे नव्यानं लिहिले. अण्णांना शेवट सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, आणि खिळे उचलायला लागले.

पुस्तकावर मी नाव घातलं नाही, 'एक बेंगळूरकर' एवढंच छापलं. प्रती छापखान्यातच ठेवल्या आणि एक प्रत मंडळाच्या दोन पुस्तकांच्या मध्ये घालून घरी आणली. मामींनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "कोरं हाय की," म्हणाल्या. "ह्याला शेवट असंल."

आठ दुपारी ते वाचन चाललं. तोवर मामींच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. पहिल्याच दिवशी मी "खून!" म्हणून ओरडले तर शेजारच्या अक्का हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. त्यांना बसवून घेतलं, समजावलं, कॉफी दिली. चौथ्या दिवशी चौथं प्रकरण आलं. मी वाट बघत थांबले. मामी वाती वळतच राहिल्या.

"काय?" मी विचारलं.

"काय काय? वाच म्होरं."

मामींना ओळखता आलं नव्हतं! मला केवढा आनंद झाला, आणि तो अर्धा तासही टिकला नाही, कारण पुढचं मला ठाऊक होतं. आठव्या दुपारी ते पान आलं. सुनेच्या कबुलीत म्हातारा तिला विचारतो, "किती वर्षं मला खोटं वाचत होतीस?" हे वाक्य हळू वाचायची सोय नव्हती. मी मामींच्या कानाशी ते ओरडले. ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी हात केला. मी पुन्हा ओरडले. त्यानंतरची पानं मी कशी वाचली मला आठवत नाही.

पुस्तक मिटलं. मामींनी वाती एकसारख्या करून डब्यात ठेवल्या, झाकण लावलं.

"सूनच ती," म्हणाल्या. "चवथ्या दिशीच कळलंतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर म्होरं वाचली असतीस व्हय? पाटल्या मोडून पुस्तक काढलंस, आनि मी मधीच सांगू?"

मी पुस्तकाकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं. खुणेनंच विचारलं, कसं कळलं?

"छापल्यालं वाचताना तू अडखळतीस," मामी म्हणाल्या. "लई मोठा शब्द आला की थांबतीस. पुठ्ठा वाचताना कधी अडखळली न्हाईस. आनि हे आख्खं पुस्तक न अडखळता वाचलंस."

पुठ्ठा. म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी रडायला लागले ते मोठ्यानंच, कारण आठ दिवस मोठ्यानं बोलायचीच सवय झाली होती. म्हटलं, "मामी, बहिणीशी तुम्ही सहा वर्षं बोलला नाही."

"ती यायला लागू नये म्हनून खोटं बोलली. तू हितं बसून बोललीस." त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि डावा कान माझ्याकडे केला. "रडतीस काय? दुसरं लिही. आनि बिगीनं लिही. ह्या कानात अजून स्वल्प हाय."